उलटी गिटार, सुलटे सूर: एलिझाबेथ कॉटन यांची गोष्ट

तुमच्या घरात अशी एखादी व्यक्ती नक्की असेल. आई, आजी, आत्या, नाहीतर रोज सकाळी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी. लहानपणी ती फार छान गायची, पेटी वाजवायची, चित्रं काढायची, असं कुणीतरी कधीतरी बोलून गेलेलं असतं. मग लग्न झालं, मुलं झाली, संसार वाढला आणि ते सगळं मागं पडलं. आपण विचारलं तर हसून उत्तर येतं, 'आता कुठलं जमतंय!' आणि विषय तिथंच संपतो.

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्यांनीही ऐन तारुण्यात गिटार अशीच खाली ठेवली होती. त्यानंतरची बरीच वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक, इस्त्री आणि साफसफाई करण्यात गेली. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा त्या ६५ वर्षांच्या होत्या. ग्रॅमी पुरस्कार हातात आला तेव्हा ९२ वर्षांच्या. त्यांचं नाव एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतल्या ब्लूज आणि लोकसंगीताच्या जगात त्यांच्या गिटारवादनाच्या पद्धतीला आज त्यांच्याच आडनावानं ओळखतात. त्यांनी शाळकरी वयात रचलेलं एक गाणं तर जगभर गेलं. पण ते त्यांचंच आहे, हे जगाला कळायला बराच काळ जावा लागला.

'तुझं नाव काय?'

एलिझाबेथ यांचा जन्म ५ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, चॅपल हिल या गावाजवळ झाला. तो भाग आज कारबरो म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला वेगळ्या शाळा, वेगळ्या वस्त्या आणि कष्टाची, कमी पैशांची कामं येत. नेव्हिल्स कुटुंबही असंच कष्टकरी होतं. वडील खाणीत सुरुंग लावायचं काम करत, आई दाई होती आणि लोकांच्या घरी कामालाही जायची. पाच भावंडांत एलिझाबेथ सगळ्यात धाकटी.

गंमत म्हणजे तिला एलिझाबेथ हे नावच नव्हतं. घरात सगळे तिला नुसतं 'छोटी ताई' अशा अर्थाच्या लाडक्या नावानं हाक मारायचे. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी एकेकाला नाव विचारलं. हिची पाळी आली तेव्हा हिच्याकडं सांगायला नाव कुठं होतं? मग तिनं तिथल्या तिथं स्वतःचं नाव ठेवून टाकलं: एलिझाबेथ.

हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढं याच बाईंना एका गाण्यावर स्वतःचं नाव लागावं म्हणून वाट पाहावी लागणार आहे.

पावणेचार डॉलरची गिटार

घरात गाणंबजावणं होतं. मोठ्या भावाकडं एक बँजो होता. भाऊ बाहेर गेला की सात वर्षांची एलिझाबेथ तो चोरून हातात घ्यायची. शिकवायला कुणी नाही, समोर कागद नाही. ऐकलेली चाल आठवायची आणि तारांवर शोधायची, एवढंच. पुढं भाऊ घर सोडून गेला, त्याच्याबरोबर बँजोही गेला.

आता स्वतःचं वाद्य हवं, तर पैसे कमवायला हवेत. मग ती आईसारखीच एका घरी कामाला लागली. झाडलोट, स्वयंपाकात मदत आणि वरचं पडेल ते काम. पगार महिन्याला ७५ सेंट, म्हणजे पाऊण डॉलर. गावातल्या दुकानातल्या गिटारीची किंमत होती ३ डॉलर ७५ सेंट. तुम्हीच हिशेब करा. पाच महिन्यांचा अख्खा पगार! अकरा-बारा वर्षांच्या मुलीनं तो साठवला आणि गिटार घरी आणली. त्यानंतर ती गिटार आणि ती, घरातल्यांच्या झोपेचं खोबरं झालं तरी वाजवणं थांबेना.

अंगठ्याचं काम बोटांना, बोटांचं अंगठ्याला

एलिझाबेथ डावखुरी होती. इथं थोडं थांबून गिटार समजून घेऊ, कारण त्यांचं सगळं वेगळेपण यातच आहे.

गिटारीला सहा तारा असतात. उजव्या हातानं वाजवणाऱ्यानं ती मांडीवर धरली की जाड, खर्जाच्या तारा वर येतात आणि बारीक, उंच सुरांच्या तारा खाली. त्यामुळं अंगठा खर्जाचा ठेका धरतो आणि बोटं खालच्या तारांवर चाल वाजवतात. डावखुऱ्या माणसाला गिटार उलटी धरावी लागते. मग असे वादक बहुतेक वेळा सगळ्या तारा काढून उलट्या क्रमानं लावून घेतात, म्हणजे पुन्हा अंगठ्याला जाड तारा मिळतात.

एलिझाबेथ शिकली ती भावाच्या बँजोवर. चोरून वाजवायच्या वाद्याच्या तारा कशा बदलणार? तिनं वाद्यच उलटं धरलं आणि ती तशीच वाजवत राहिली. गिटारही तशीच. साहजिकच जाड तारा खाली गेल्या, बारीक वर आल्या. मग तिनं कामाची अदलाबदल केली. खर्जाचा ठेका बोटांकडं आणि गाण्याची चाल अंगठ्याकडं. ही पद्धत तिला कुणी दाखवली नव्हती आणि हे चुकीचं आहे असं सांगणारंही जवळ कुणी नव्हतं. पुढं जगानं या पद्धतीला 'कॉटन पिकिंग' असं नाव दिलं.

तुम्ही त्यांचा एखादा व्हिडिओ पाहिलात तर पहिल्यांदा डोळ्यांचा गोंधळ उडतो. हात उलटे चाललेत आणि सूर मात्र अगदी सुलटे, शांत, एका लयीत येताहेत. नंतर कित्येक चांगल्या गिटारवादकांनी त्यांची गाणी बसवली, पण ती सरळ धरलेल्या गिटारीवर. अंगठ्यानं वाजवलेल्या चालीचा तो गोलसर, भरीव नाद त्यातून तसाच उमटणं अवघड असतं.

ब्लूज म्हणजे नेमकं काय?

ब्लूज हा शब्द तुम्ही ऐकला असेल. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय समाजात, शेतावरच्या हाका, कामाची गाणी आणि चर्चमधली भजनं यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे संगीत आकाराला आलं. त्याचा सर्वात ओळखीचा साचा चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा. बारा खंड संपले की पुन्हा पहिल्यावर. यातले काही सूर जाणूनबुजून थोडे उतरवलेले असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मध्ये कुठंतरी रेंगाळणारा सूर. ब्लूजचं काळीज पिळवटणारं दुखणं त्या सुरात असतं.

प्रत्येक भागाचा ब्लूज मात्र वेगळा. मिसिसिपीच्या खोऱ्यातला ब्लूज रांगडा, तारांवर घसरणारा. नॉर्थ कॅरोलायनासारख्या पूर्वेकडच्या राज्यांतला ब्लूज त्या मानानं हलका आणि नाचरा. डोंगर आणि समुद्रकिनारा यांच्यामधल्या त्या पट्ट्याला पीडमाँट म्हणतात, म्हणून हा पीडमाँट ब्लूज. त्या काळात रॅगटाइम नावाचं पियानोचं संगीत लोकप्रिय होतं. डावा हात संथ ठेका धरणार आणि उजवा हात त्यावर खट्याळ, मात्रा चुकवणारी चाल वाजवणार. पीडमाँटच्या वादकांनी हे दोन्ही हात एका गिटारीवर आणले. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. एलिझाबेथ याच मातीतल्या. त्यांच्याकडं ब्लूज होते, रॅगटाइमच्या चाली होत्या, नाचाची गाणी होती आणि चर्चची भजनंही होती.

खिडकीबाहेरची मालगाडी

घराजवळून रेल्वेचा फाटा जायचा. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या गाडीचा आवाज ऐकू यायचा. त्या आवाजातून बारा वर्षांच्या आसपासच्या एलिझाबेथनं एक गाणं रचलं, 'फ्रेट ट्रेन'. फ्रेट ट्रेन म्हणजे मालगाडी.

लहान मुलीचं आगगाडीवरचं गाणं म्हटलं की आपल्याला झुकझुक आठवते. हे गाणं तसं नाही. यातला माणूस पळून निघालाय आणि आपण कुठल्या गाडीत बसलो हे कुणाला सांगू नका म्हणतोय. मेल्यावर कुठं पुरावं, हेही तो सांगतो, म्हणजे गाडीचा आवाज तिथंही येत राहील. पाऊण डॉलरवर राबणाऱ्या मुलीला दूर जाणारी गाडी रोज दिसत होती. गाडी जायची आणि ती तिथंच राहायची. हे गाणं ऐकताना चाल गोड वाटते, मनात मात्र काहीतरी हलतं, त्याचं कारण हेच असावं.

आणखी एका गाण्याचा किस्सा घरातल्या मुलांना सांगण्यासारखा आहे. शेजारच्या एका बाईनं एलिझाबेथबद्दल आईकडं खोटी चुगली केली. मुलीला शिक्षा झाली. मोठ्या माणसापुढं उलट बोलण्याची सोय नव्हती. मग तिनं त्या अन्यायावर गाणं रचलं, 'ओ बेब, इट एन्ट नो लाय'. पुढं कित्येक वर्षांनी ग्रेटफुल डेड या गाजलेल्या अमेरिकन बँडनं ते गाणं रेकॉर्ड केलं. चुगलीचा बदला असा कुणी घेतला नसेल!

गिटार खाली ठेवली

७ नोव्हेंबर १९१० रोजी, सतराव्या वर्षी, एलिझाबेथ यांचं फ्रँक कॉटन यांच्याशी लग्न झालं. मुलगी झाली, लिली. त्याच सुमाराला त्या चर्चमध्ये रमल्या. तिथं त्यांना सांगण्यात आलं की ही नाचगाण्याची, संसारी गाणी देवाच्या माणसाला शोभत नाहीत. घर, मूल, काम आणि वरून ही शिकवण. गिटार हळूहळू बाजूला पडली. अधूनमधून चर्चमध्ये वाजवणं व्हायचं, तेवढंच.

इथं कुणी खलनायक नाही. कुणी गिटार हिसकावून घेतली नाही, फोडली नाही. बायकांच्या हातून कला सुटते ती बहुतेक वेळा अशीच, आवाज न करता. आज वेळ नाही, उद्या बघू, पुढच्या महिन्यात बघू. असं करताकरता तपामागून तपं गेली. लिलीचं लग्न झाल्यावर एलिझाबेथ आणि फ्रँक विभक्त झाले. त्या मुलीकडं आणि नातवंडांकडं वॉशिंग्टनला राहायला आल्या. वय पन्नाशीच्या पुढं.

हरवलेली मुलगी

१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात एलिझाबेथ बाहुल्यांच्या विभागात काम करत होत्या. एक दिवस गर्दीत एक मुलगी आईपासून चुकली. एलिझाबेथ यांनी तिला शोधून आईच्या स्वाधीन केलं. मुलगी होती पेगी सीगर आणि आई रूथ क्रॉफर्ड सीगर. बोलता बोलता रूथ यांनी त्यांना आपल्या घरी कामाला याल का, असं विचारलं. एलिझाबेथ हो म्हणाल्या.

योगायोग किती असावा! रूथ या अमेरिकेतल्या नावाजलेल्या संगीतकार होत्या. संगीतरचनेसाठीची गुगेनहाइम फेलोशिप मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे त्याच. पती चार्ल्स सीगर हे संगीताचे अभ्यासक. सावत्र मुलगा पीट सीगर लोकगायक म्हणून देशभर गाजत होता. रूथ यांचं त्या काळातलं मोठं काम कोणतं होतं, ठाऊक आहे? अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत ध्वनिमुद्रित केलेली लोकगीतं पुन्हा पुन्हा ऐकायची आणि त्यांची स्वरलिपी कागदावर उतरवायची. लहान मुलांसाठी अशा लोकगीतांचं त्यांचं पुस्तक १९४८ मध्ये आलं.

म्हणजे बघा, ज्या घरात देशभरातली लोकगीतं जमवायचं काम चालू होतं, त्याच घरात एक अस्सल लोककलावंत इस्त्री करत होती, पोळपाट-लाटणं सांभाळत होती. आणि कितीतरी दिवस कुणाला त्याचा पत्ता नव्हता. घरातल्यांनी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. लहानग्या पेनीला 'एलिझाबेथ' म्हणता येईना, ती 'लिबा' म्हणू लागली. मग सगळ्यांसाठीच त्या लिबा झाल्या.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरची गिटार

सीगरांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक गिटार टांगलेली असे. घरात कुणी नसलं की लिबा ती उतरवून हळूच वाजवून पाहायच्या. पन्नास वर्षांपूर्वीचा भावाचा बँजो आठवतोय ना? पुन्हा तोच प्रकार. वाद्य दुसऱ्याचं आणि वाजवणं चोरून.

एक दिवस पेगी स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली. लिबा गिटार वाजवत होत्या, तीही उलटी धरून. ऐकू येत होती ती मालगाडी. संगीत जगणाऱ्या घरातल्या मुलांना आपण काय ऐकतोय हे लगेच कळलं. त्यांनी आग्रह धरला, आणखी काय येतं, आणखी काय आठवतं? हळूहळू बोटांना जुन्या वाटा आठवू लागल्या. बालपणी शिकलेल्या, रचलेल्या चाली एकेक करून परत आल्या.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लिबांची कला कुठं गेली नव्हती. ती हातात होती, फक्त ऐकणारं कुणी नव्हतं. ऐकणारं घर मिळालं आणि ती बाहेर आली.

गाणं विलायतेला गेलं, नाव मागंच राहिलं

१९५० च्या दशकाच्या मध्यावर पेगी युरोपला गेल्या. लिबांकडून शिकलेलं 'फ्रेट ट्रेन' त्या तिथं गात असत. इंग्लंडमध्ये तेव्हा स्किफल नावाच्या संगीताची लाट होती. स्वस्त गिटार, कपडे घासायची फळी, चहाच्या खोक्याला दोरी बांधून केलेलं वाद्य, जे मिळेल ते घेऊन पोरं वाजवायची. त्यांना हे गाणं फार आवडलं. आणि कानोकानी फिरता फिरता दोन ब्रिटिश गीतकारांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं.

१९५७ मध्ये चास मॅकडेव्हिट यांच्या स्किफल गटानं नॅन्सी व्हिस्की या गायिकेच्या आवाजात ते गाजवलं. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पहिल्या पाचांत पोहोचलं. लिव्हरपूलमध्ये जॉन लेनन यांचा शाळकरी पोरांचा बँड होता, क्वारीमेन. तोही हे गाणं वाजवायचा. याच बँडमधून पुढं बीटल्स उभे राहिले.

आणि ज्यांनी बालपणी हे गाणं रचलं, त्या लिबा त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये घरकामच करत होत्या.

गाणं नावावर असणं म्हणजे नुसता मान नव्हे. रेकॉर्ड विकली, रेडिओवर वाजली, दुसऱ्या कुणी ते गायलं की रचणाऱ्याला मानधनाचा वाटा मिळतो. नाव गेलं की हे उत्पन्नही जातं. सीगर कुटुंबानं हा विषय सोडला नाही. खटपट केली, कायद्याची मदत घेतली. अखेर गाण्याच्या हक्कात लिबांना वाटा मिळाला आणि रचनाकार म्हणून एलिझाबेथ कॉटन हे नाव गाण्याला लागलं. जे नाव त्यांनी शाळेच्या पहिल्या दिवशी स्वतःच ठेवलं होतं, तेच.

निजायच्या खोलीतली पहिली रेकॉर्ड

आता त्यांचं वाजवणं त्यांच्याच नावानं लोकांपर्यंत जायला हवं होतं. रूथ यांचा मुलगा माइक सीगर यानं हे काम अंगावर घेतलं. ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तो लिबांच्या घरी गेला. कुठला स्टुडिओ नाही, काचेची खोली नाही. लिबांच्या निजायच्या खोलीत, अवतीभवती नातवंडं असताना मुद्रण झालं. १९५८ मध्ये फोकवेज कंपनीनं ते प्रसिद्ध केलं. यातूनच 'फ्रेट ट्रेन' खुद्द रचणाऱ्या बाईच्या आवाजात आणि गिटारीवर जगानं ऐकलं.

त्या सुमाराला अमेरिकेत तरुण मुलं जुन्या लोकसंगीताकडं वळत होती. मिसिसिपी जॉन हर्ट यांच्यासारखे १९२० च्या दशकात रेकॉर्ड करून विस्मृतीत गेलेले ब्लूज गायक पुन्हा शोधून मंचावर आणले जात होते. लिबांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना पुन्हा कोण शोधणार? त्यांना आधी कुणी ऐकलंच नव्हतं. १९६० मध्ये माइक यांच्यासोबत स्वार्थमोर कॉलेजात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. वय ६७. मग न्यूपोर्टच्या प्रसिद्ध लोकसंगीत महोत्सवासह ठिकठिकाणी बोलावणी येऊ लागली.

तरी घरकाम सुटलं नव्हतं. एकीकडं कार्यक्रम आणि दुसरीकडं लोकांच्या घरची कामं, असं बरीच वर्षं चाललं. टाळ्यांनी घरभाडं भागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९७० च्या आसपास, पंच्याहत्तरी उलटल्यावर, त्यांनी घरकाम सोडलं.

पणतवंडांबरोबर गाणं रचणारी पणजी

१९६७ मध्ये त्यांची दुसरी रेकॉर्ड आली, 'शेक शुगरी'. त्यातलं याच नावाचं गाणं घरातच जन्मलं. रात्री मुलांना झोपवताना लिबा गिटार घेऊन बसत आणि पणतवंडं एकेक कडवं रचत. घरातली एकेक वस्तू गहाण पडत चाललीय, असं ते गाणं. मुलांना मजेचं वाटणारं आणि मोठ्यांना पोटात खड्डा पाडणारं. रेकॉर्डवर ते गायलंय ब्रेंडा इव्हान्स या बारा वर्षांच्या पणतीनं, मागं गिटार लिबांची. ही ब्रेंडा पुढं स्वतः व्यावसायिक गायिका झाली. बॉब डिलन यांनीही हे गाणं आपल्या कार्यक्रमांत गायलंय.

आपल्याकडं आजी नातवंडांना गोष्ट सांगते तेव्हा पोरं मध्येच 'असं नाही, असं झालं' म्हणून गोष्ट वळवतात. त्यातली एखादी गोष्ट कुणी लिहून ठेवली असती तर? लिबांच्या घरी ते घडलं, इतकंच.

स्वतःचं घर, स्वतःचं अंगण

१९७८ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात राहायला गेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं झाडणाऱ्या बाईंनी संगीताच्या कमाईतून स्वतःचं घर घेतलं. सगळ्या पुरस्कारांपेक्षा मला हाच मोठा वाटतो.

बाकीचे मानसन्मानही आले. १९८४ मध्ये पारंपरिक कलांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान, नॅशनल हेरिटेज फेलोशिप, त्यांना मिळाला. त्यांच्या कार्यक्रमांच्या 'एलिझाबेथ कॉटन लाइव्ह' या अल्बमला पारंपरिक लोकसंगीताचा ग्रॅमी मिळाला. तो स्वीकारला तेव्हा १९८५ साल होतं. सिरॅक्यूजमध्ये एका छोट्या बागेला त्यांचं नाव दिलं गेलं, आज तिथं त्यांचा गिटार घेतलेला पुतळा आहे.

२९ जून १९८७ रोजी, ९४ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं सुरुवातीच्या काळातल्या प्रभावी कलावंत म्हणून त्यांचा समावेश केला. आणि त्यांचं जन्मगाव कारबरो? तिथं रेल्वेरुळांच्या कडेनं सायकलींसाठी एक रस्ता आहे. त्याचं नाव लिबा कॉटन बाइकवे. ज्या रुळांचा आवाज ऐकत ती मुलगी झोपायची, त्यांच्याच शेजारी आता तिचं नाव आहे.

ऐकायला सुरुवात कुठून कराल?

हे सगळं वाचून ऐकावंसं वाटलं तर मोबाइलवर शोधायला सोपं आहे.

- आधी 'फ्रेट ट्रेन' ऐका, पण कॉटन यांचंच. १९५८ च्या मुद्रणात त्यांचा आवाज थोडा थकलेला, घरगुती आहे. लक्ष गिटारीकडं ठेवा. ठेका आणि चाल हे दोन्ही एकाच हातातून येताहेत.
- मग 'विल्सन रॅग' ऐका. हे नुसतं वाद्यसंगीत आहे. पीडमाँट वादनातला खट्याळपणा यात लगेच कळतो.
- त्यानंतर 'शेक शुगरी', घरातल्या लहान मुलांना जवळ घेऊन.
- शेवटी व्हिडिओ. १९६० च्या दशकात पीट सीगर यांचा 'रेनबो क्वेस्ट' नावाचा टीव्ही कार्यक्रम होता, त्यात त्या वाजवताना दिसतात. अंगठा काय करतोय ते बघा.

घरात कुणी डावखुरं मूल असेल आणि त्याला कुणी 'उजव्या हातानं कर' म्हणत असेल, तर हा व्हिडिओ त्या दोघांनाही दाखवा.

आणि एक शेवटचं. सुरुवातीला ज्या व्यक्तीची तुम्हाला आठवण झाली होती, ती आई असेल, आजी असेल, कामाला येणाऱ्या मावशी असतील, तिला आज एकदा विचारून बघा, 'तुम्ही पूर्वी गायचात ना? मला ऐकवाल?' कदाचित त्या हसतील, नको म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा. सीगरांच्या घरात पेगी दारात थबकली आणि ऐकत उभी राहिली, तिथून सगळं सुरू झालं होतं.